तारणारा एक, तरणारे किती?

सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावर मोत माऊलीची जत्रा भरते. त्या आठवड्यात चर्चच्या आसपास मेणाच्या वस्तूंची दुकाने ओळीने लागतात. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे तान्हे बाळ, मेणाचे छोटे घर. गुडघा दुखत असेल तर पाय घ्यायचा, मूल हवे असेल तर बाळ, भाड्याच्या खोलीतून सुटका हवी असेल तर घर, आणि ते माऊलीला वाहायचे. रांगेत कपाळाला कुंकू लावलेल्या बायका असतात, मुसलमान आणि पारशी कुटुंबेही असतात. धर्म कोणी कोणाला विचारत नाही.

त्याच चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, येशू स्वतःला मार्ग, सत्य आणि जीवन म्हणवतो आणि पित्याकडे जायला आपल्यावाचून दुसरी वाट नाही असेही सांगतो. सगळ्या नद्या अखेर समुद्रालाच मिळतात, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला इथे ठेच लागते. वाट एकच असेल, तर रांगेतल्या त्या बाईच्या नवसाचे काय? आणि नवस मान्य असेल, तर मग वचनाचे काय?

याची दोन उत्तरे सहज दिली जातात. एक असे, की मोकळेपणा वरवरचा आहे, आत मात्र सगळे आपल्याकडे ओढायचा हिशेब आहे. दुसरे असे, की ते वचन जुने झाले, आता कोण मनावर घेतो. दोन्ही उत्तरे चूक आहेत. वचन आजही पूर्ण गांभीर्याने मानले जाते, आणि तरीही इतर धर्मांतल्या माणसाला देवाचे दार बंद आहे असे जगातले सर्वांत मोठे चर्च, म्हणजे कॅथलिक चर्च, मानत नाही. हे कसे जमते, ते पाहू.

एक वाक्य की दोन?

गुंता बहुतेक वेळा एका ठिकाणी होतो. ‘तारणारा एकच आहे’ हे एक विधान झाले. ‘त्याला ओळखून, त्याचे नाव घेऊन, बाप्तिस्मा घेऊन जे आत आले तेवढेच तरणार’ हे दुसरे. पहिले विधान तारण कोणामुळे होते याबद्दल आहे, दुसरे ते कोणाकोणाला मिळते याबद्दल. ऐकताना दोन्ही एकच वाटतात, पण पहिल्यातून दुसरे आपोआप निघत नाही. तारणारा एकच असेल आणि तो आपले नावही न ऐकलेल्यांना तारत असेल, तर त्यात विसंगती काही नाही.

ख्रिस्ती विचाराचा या विषयावरचा दोन हजार वर्षांचा प्रवास हा मुख्यतः ही दोन विधाने एकमेकांत मिसळण्याचा आणि पुन्हा वेगळी होण्याचा प्रवास आहे.

प्रश्न कोणी विचारला होता?

वचन भिंतीवर रंगवले की ते साऱ्या जगाला उद्देशून बोललेले वाटते. मूळ प्रसंग अगदी घरगुती आहे. शेवटच्या भोजनाची रात्र आहे. दगा देणारा यहूदा उठून बाहेर गेला आहे. उरलेल्या शिष्यांना कळून चुकले आहे की गुरू आता आपल्यात राहणार नाही. येशू त्यांना धीर देतो, पित्याच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहेत असे सांगतो. तेव्हा थोमा न राहवून म्हणतो, की तुम्ही कुठे जाताय हेच आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी कळणार? त्या थोमाला मिळालेले हे उत्तर आहे. घाबरलेल्या माणसाने वाट विचारली आणि समोरच्याने सांगितले की वाट शोधायला नको, मीच आहे. इतर धर्मांचे काय, हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारलेलाच नव्हता.

दुसरे नेहमी पुढे केले जाणारे वचन प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात आहे. जन्मापासून पांगळा, चाळिशी उलटलेला एक भिकारी मंदिराच्या दाराशी येशूचा शिष्य पेत्र याच्या शब्दावर उठून चालू लागतो. दुसऱ्या दिवशी पेत्राला महायाजकांच्या न्यायसभेपुढे उभे करतात. हे कोणाच्या नावाने केलेस, असा त्याला सवाल होतो. पेत्र सांगतो की येशूच्या नावाने, आणि ज्याने तारण व्हावे असे दुसरे नाव नाही. विचारणारे यहूदी, उत्तर देणारा यहूदी, वाद एकाच घरातला.

योहानाचे शुभवर्तमान लिहिले गेले ते पहिल्या शतकाच्या अखेरीस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथात येशूला मानणाऱ्यांना सभास्थानातून बाहेर काढल्याचा उल्लेख तीन वेळा येतो. नवव्या अध्यायात तर एका जन्मांध मुलाचे आईवडील त्या भीतीने स्वतःच्या मुलाबद्दलही नीट उत्तर देत नाहीत. अमेरिकन अभ्यासक जे. लुई मार्टिन यांनी १९६८ साली असे मांडले, की या गोष्टींमागे योहानाच्या आसपासच्या छोट्या मंडळीचा स्वतःचा अनुभव आहे. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेले नाही. पण ही मांडणी खरी असेल, तर ते वचन पहिल्यांदा ऐकणारे लोक सत्ताधारी नव्हते. घरातून हाकलल्या गेलेल्या माणसांना आपण वाट चुकलो नाही, एवढे त्यातून ऐकू येत होते. तेच वाक्य पुढे राजाच्या तोंडी गेले की त्याचा सूर बदलतो.

प्रेमाची भाषा, आणि तिची मर्यादा

स्वीडनचे बायबल-अभ्यासक क्रिस्टर स्टेंडाल यांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. अशी वचने भक्तीच्या भाषेत बोललेली असतात, तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत लिहिलेली नसतात. ‘माझ्या आईसारखी आई जगात नाही’ असे एखादे पोर म्हणते, तेव्हा त्याने जगातल्या साऱ्या आया पारखून पाहिल्या होत्या का, असे आपण विचारत नाही. ते बोलणे पूर्ण खरे असते आणि त्यात इतरांच्या आयांचा पाणउताराही नसतो.

मराठी वाचकाला हे कळायला लांब जावे लागत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात, उपदेश संपत आला असताना, श्रीकृष्ण अर्जुनाला सगळे धर्म सोडून एकट्या मला शरण ये असे सांगतो. शब्दाला धरून बसले तर हे योहानाच्या वचनाइतकेच एकमार्गी आहे. पण आपण त्याचा अर्थ जगातल्या इतर धर्मांविषयीचा निवाडा असा लावत नाही. गलितगात्र झालेल्या मित्राला दिलेला तो आधार आहे, हे आपण प्रसंगावरून ओळखतो. हीच सवलत दुसऱ्याच्या ग्रंथाला द्यायला हरकत नसावी.

मात्र एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यात कितीतरी माणसांनी सम्राटाच्या नावाने चिमूटभर धूप जाळायला नकार दिला आणि जीव गमावला. ती माणसे निव्वळ भावना व्यक्त करत नव्हती. येशूमध्ये देवाने सगळ्या जगासाठी काहीतरी केले, हा त्यांचा दावा जगाविषयीचा होता. तो प्रेमाच्या भाषेत विरघळवून टाकला तर ख्रिस्ती माणसाचा अपमान होतो, भलेही तो सद्हेतूने केलेला असो.

त्याच ग्रंथातली बाकीची पाने

एका वचनावर ग्रंथ तोलता येत नाही, कारण त्याच्या शेजारीच दुसरे वचन उभे असते. याचा सर्वांत लख्ख नमुना तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सापडतो. चौथ्या वचनात म्हटले आहे की सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे. लगेच पाचव्यात म्हटले आहे की देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. पत्र लिहिणाऱ्याला दोन्हींत विरोध दिसलेला नाही. पुढच्या साऱ्या वादाचे बीज या लागोपाठच्या दोन वचनांत आहे.

न्यायसभेत दुसरे नाव नाही म्हणणारा पेत्र सहाच अध्याय पुढे कर्नेल्य नावाच्या रोमन सैन्याधिकाऱ्याच्या घरी उभा असतो. देव कोणाचा पक्षपात करत नाही, कोणत्याही राष्ट्रातला जो त्याला भिऊन नीतीने वागतो तो त्याला मान्य आहे, हे आपल्याला आता उमगले असे तो कबूल करतो. (त्यानंतर कर्नेल्याचा बाप्तिस्मा होतो, हेही सांगायला हवे.) मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला शेवटचा न्याय तर माणसाने काय मानले हे विचारतच नाही. भुकेल्याला जेवू घातले का, उघड्याला पांघरूण दिले का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का, एवढीच तिथे चौकशी आहे. आणि ज्यांनी हे केले त्यांना आपण ते कोणासाठी करत होतो याचा पत्ताही नव्हता.

याउलट पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात विचारतो, की ज्याच्याविषयी ऐकलेच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार आणि कोणी सांगितल्याशिवाय ऐकणार कसे? उघड विश्वासावाचून तारण नाही असे मानणाऱ्या मंडळींचा, विशेषतः अनेक प्रॉटेस्टंट पंथांचा, भर या अध्यायावर असतो. त्यांचे वाचन उथळ नाही. तेही त्याच ग्रंथातून निघते.

कार्थेजपासून बोस्टनपर्यंत

दुसऱ्या शतकात रोममध्ये शिकवणारा जस्टिन हा स्वतः तत्त्वज्ञानाच्या वाटेने ख्रिस्ती झालेला. त्याचे म्हणणे असे, की योहानाने ज्याला ‘शब्द’ म्हटले, तो देवाचा विवेक येशूच्या आधीपासून सगळ्या माणसांत बीजरूपाने पेरलेला आहे. म्हणून सॉक्रेटिस आणि हेराक्लिटस यांनाही त्याने ख्रिस्ती म्हटले. ख्रिस्ती समाज लहान आणि छळलेला असतानाचा हा विचार आहे.

तिसऱ्या शतकात, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याने चर्चबाहेर तारण नाही असे सूत्र लिहिले. त्याच्या डोळ्यांपुढे बौद्ध किंवा हिंदू नव्हते. चर्चमध्ये फूट पाडून वेगळे झालेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा धरायचा का, या भांडणातले ते वाक्य आहे. आतल्या फुटिरांना घातलेला तो दम होता. पण वाक्ये आपला जन्मदाखला बरोबर घेऊन फिरत नाहीत. साम्राज्यच ख्रिस्ती झाल्यावर तेच सूत्र बाहेरच्यांना लावले जाऊ लागले. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने तर मूर्तिपूजक, यहूदी, पाखंडी आणि फुटीर असे सगळे, मरणाआधी चर्चमध्ये आले नाहीत तर, अनंतकाळच्या आगीत जातील असे जाहीर केले. इथे दोन्ही विधाने एकजीव झाली.

त्या काळच्या युरोपात असा समज होता की शुभवर्तमान जगभर पोचले आहे. ज्याने मानले नाही, त्याने जाणूनबुजून नाकारले. पन्नास वर्षांनी, १४९२ साली, कोलंबस अमेरिकेच्या बेटांना लागला आणि या समजाखालची जमीनच सरकली. दीड हजार वर्षे ज्यांच्या कानावर येशूचे नावही गेले नव्हते अशी माणसे समोर उभी होती. न ऐकलेले नाकारल्याबद्दल न्यायी देव शिक्षा कशी देईल?

स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डॉमिनिकन साधूने १५३९ मध्ये व्याख्याने दिली. त्याने आपल्याच राजाच्या साम्राज्यात बसून सांगितले, की कोणीतरी येऊन नुसती घोषणा केली म्हणून अमेरिकेतल्या लोकांवर विश्वास ठेवण्याचे बंधन येत नाही, पटण्याजोगे कारण त्यांना मिळाले पाहिजे. आणि आपल्या कानावर येते ते चमत्कार किंवा सदाचरण नव्हे, तर स्पॅनिश लोकांची क्रूर कृत्ये. लढाई हे धर्माच्या खरेपणाचे प्रमाण असू शकत नाही, हेही त्याने स्पष्ट केले. हा दृष्टिकोन सर्वत्र पाळला गेला नाही. गोव्यात १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडले. सत्य आपल्याकडे आहे असे मानणे आणि ते दुसऱ्यावर लादायचा अधिकार आपल्याला आहे असे मानणे, यांतला फरक कॅथलिक चर्चने औपचारिकपणे मान्य केला तो डिसेंबर १९६५ मधल्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात.

तोवर विचार मात्र पुढे सरकत होता. स्वतःचा दोष नसताना ज्याला ठाऊक नाही, त्याला दोष लागत नाही, हे तत्त्व रुजत गेले. विसाव्या शतकात त्याची कसोटी बोस्टनजवळ लागली. लिओनार्ड फीनी हे जेझुइट धर्मगुरू चर्चबाहेर कोणालाच तारण नाही, असे जुन्या सूत्राचा शब्दशः अर्थ घेऊन शिकवत होते. १९४९ मध्ये रोमने बोस्टनच्या आर्चबिशपांना पत्र पाठवून कळवले की त्या सूत्राचा असा अर्थ चर्च लावत नाही. फीनी बधले नाहीत. रोमने बोलावूनही ते गेले नाहीत, तेव्हा १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. १९७२ मध्ये त्यांना पुन्हा चर्चमध्ये घेतले गेले.

मग दुसरी व्हॅटिकन धर्मसभा आली. १९६४ च्या तिच्या दस्तऐवजाने स्पष्ट म्हटले की स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमान न कळलेली, पण मनापासून देवाला शोधणारी आणि सद्सद्विवेकाने वागणारी माणसे तारण पावू शकतात. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचे घोषणापत्र २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाले. त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावाने, आदराने उल्लेख आहे. या धर्मांत जे खरे आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच परिच्छेदात योहानाच्या चौदाव्या अध्यायाचा आधार घेऊन ख्रिस्त हाच मार्ग असल्याचे पुन्हा सांगितले आहे. पाचशे वर्षांपूर्वी एकजीव झालेली दोन विधाने इथे पुन्हा वेगळी केली गेली.

> चौकट : तीन भूमिका
> ब्रिटिश धर्मशास्त्रज्ञ ॲलन रेस यांनी १९८३ मध्ये केलेली ही विभागणी आजही वापरली जाते.
> एकमार्गी : तारण ख्रिस्तामुळेच, आणि त्याच्यावर उघड विश्वास ठेवणाऱ्यालाच.
> सामावणारी : तारण ख्रिस्तामुळेच, पण ते त्याला न ओळखणाऱ्यांपर्यंतही पोचते.
> बहुमार्गी : परमतत्त्वाकडे जाणाऱ्या वाटा अनेक, ख्रिस्त त्यांतली एक.
> एखादा विचारवंत एका भूमिकेत पुरता बसतोच असे नाही.

सामावून घेणे म्हणजे काय

मधल्या भूमिकेचे सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे जर्मन जेझुइट कार्ल राहनर. देवाची कृपा सर्वत्र आहे, ती ख्रिस्ताचीच आहे, म्हणून तिला मनोमन होकार देणारा हिंदू किंवा बौद्ध माणूस नाव न लावलेला ख्रिस्तीच आहे, असे ते म्हणत. यावर टीका झाली की दुसऱ्याला न विचारता त्याच्यावर आपला शिक्का मारणे हा कसला आदर? जपानी तत्त्वज्ञ निशितानी केइजी यांनी त्यांना सरळ विचारले, की मी तुम्हाला नाव न लावलेला झेन बौद्ध म्हटले तर चालेल का? तुमच्या जागेवरून तुम्ही तसे म्हणणेच योग्य आहे आणि त्यात माझा मान आहे, असे राहनर यांचे उत्तर होते.

ही रचना आपल्याला परकी नाही. इतर देवतांना श्रद्धेने भजणारेही, विधी सोडून का होईना, मलाच भजतात, असा आशय गीतेच्या नवव्या अध्यायात आहे. बुद्धाला विष्णूच्या अवतारांत घेणे हाही त्यातलाच प्रकार, आणि बौद्धांना तो मान्य नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत तो स्पष्ट नाकारला आहे. सामावून घेणाऱ्याला जे औदार्य वाटते, ते सामावल्या जाणाऱ्याला गिळंकृत होणे वाटू शकते.

म्हणून ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी तिसरी वाट घेतली. १९६७ मध्ये ते बर्मिंगहॅमला शिकवायला आले. तिथे मशिदी, गुरुद्वारे, मंदिरे आणि सिनेगॉग यांतून फिरताना त्यांना सगळीकडे त्याच जातीची प्रार्थना आणि त्याच जातीची माणसे दिसली. १९७३ च्या पुस्तकात त्यांनी मांडले की मध्यभागी ख्रिस्ती धर्म नव्हे तर देव ठेवा, सगळे धर्म त्याच्याभोवती फिरतात.

हे ऐकायला मोकळे वाटते, पण मला यात एक अडचण दिसते. सगळे एकाच ठिकाणी पोचतात हे ठरवणारा माणूस कोणत्या उंचीवर उभा असतो? अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ मार्क हाइम यांनी १९९५ मध्ये हाच मुद्दा लावून धरला. बौद्धाचे निर्वाण, वेदान्त्याचा मोक्ष आणि ख्रिस्ती माणसाचे तारण ही एकाच गावाची तीन नावे आहेत, हे आधीच गृहीत का धरायचे? वाटा वेगळ्या असतील तर मुक्कामही वेगळे असू शकतात. बहुमार्गी भूमिकाही प्रत्येक धर्माला तो स्वतःविषयी जे सांगतो त्याहून वेगळे काही सांगत असते.

टिळकांचा दरबार

महाराष्ट्रात हा प्रश्न एका माणसाने पुस्तकांपेक्षा जगण्यातून सोडवायचा प्रयत्न केला. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी घरदार, नातीगोती यांची मोठी किंमत त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. ख्रिस्तावाचून तारणारा नाही, याबद्दल रेव्हरंड टिळकांच्या मनात शंका नव्हती. पण ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते उघडपणे सांगत. तुकोबांना टाकून आलो, असे नव्हे.

आयुष्याच्या अखेरीला, १९१७ मध्ये, मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्या बंधुसंघात यावेत, अशी त्याची कल्पना होती. म्हणजे तारणारा एक, हे पक्के. पण त्याच्याजवळ येणाऱ्यांची मोजणी चर्चच्या वहीतून करायची नाही. दोनच वर्षांत टिळक वारले आणि दरबार पुढे टिकला नाही. रोमच्या धर्मसभेला जे १९६४ मध्ये लिहावेसे वाटले, त्याच्या जवळपासचे काही एका मराठी प्रॉटेस्टंट कवीने सत्तेचाळीस वर्षे आधी साताऱ्यात करून पाहिले होते. त्याची दखल धर्मशास्त्राच्या पुस्तकांनी घ्यावी तेवढी घेतलेली नाही, याची मला खंत वाटते.

‘मुळे’ की ‘असूनही’?

आज निदान कॅथलिक चर्चपुरते एवढे ठरले आहे, की बाप्तिस्मा न घेतलेला माणूस तरू शकतो. ठरलेले नाही ते पुढचे: तो आपल्या धर्मामुळे तरतो, की आपला धर्म असूनही? त्याच्या प्रार्थना, त्याची व्रते, त्याचे ग्रंथ ही देवाने वापरलेली साधने आहेत, की देव त्यांना वळसा घालून त्याच्यापर्यंत येतो?

बेल्जियमचे जेझुइट जाक ड्युपुई यांनी भारतात तीन दशकांहून अधिक काळ घालवला. आधी कुर्सियांगला आणि मग दिल्लीला ते धर्मशास्त्र शिकवत. ज्या हिंदूंना आपण पाहिले त्यांची साधना देवाच्या योजनेबाहेरची आहे, असे त्यांना म्हणवेना. १९९७ च्या ग्रंथात त्यांनी ‘मुळे’च्या बाजूने, अतिशय सावधपणे, मांडणी केली. रोमने चौकशी लावली. २००० मध्ये रोममध्ये सिद्धांताची देखरेख करणाऱ्या कार्डिनल रात्सिंगर यांच्या कार्यालयाने घोषणापत्र काढून सगळे धर्म तारणाच्या सारख्याच वाटा आहेत हा विचार नाकारला. पुढच्या वर्षी ड्युपुई यांच्या पुस्तकातल्या काही संदिग्ध जागांबद्दल इशाराही जाहीर झाला. त्या चौकशीने ड्युपुई खचले. २००४ मध्ये ते वारले.

२०१९ मध्ये अबुधाबीत पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब यांनी सही केलेल्या निवेदनात धर्मांची विविधता ही देवाच्या इच्छेतली आहे असे वाक्य आले. देवाची इच्छा म्हणजे त्याला हवे असणे, की त्याने चालू देणे, असा सवाल लगेच चर्चच्या आतूनच उठला. कझाकस्तानचे बिशप श्नायडर यांनी पोपना समोरासमोर विचारले आणि देवाने चालू दिलेले, असे समजायला हरकत नाही असे त्यांना उत्तर मिळाल्याचे त्यांनी सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापुरात तरुणांशी बोलताना त्याच पोपनी धर्मांना देवाकडे जाण्याच्या वाटा म्हटले, तेव्हा पुन्हा आक्षेप आले. अशा भाषणांनी सिद्धांत बदलत नाही. २००० सालचे घोषणापत्र मागे घेतलेले नाही, आणि ड्युपुई यांचे पुस्तकही धर्मशास्त्राच्या अभ्यासकांच्या हातून सुटलेले नाही.